थॉम यॉर्कचा आवाज मशीनखाली गाडलाय?

'टॉल टेल्स' या अल्बममध्ये रेडिओहेड बँडचा गायक थॉम यॉर्क याचा आवाज मशीनखाली गाडला गेलाय आणि तो निम्मा इलेक्ट्रॉनिक संगीतकार मार्क प्रिचर्डचाच अल्बम वाटतो असं म्हणताय, तर निम्मा त्याचाच आहे की! 2020 च्या लॉकडाऊनमध्ये प्रिचर्डने ऑस्ट्रेलियातून ट्रॅक पाठवले, थॉमने इंग्लंडात बसून त्यावर गायलं, आवाजावर प्रयोग केले, असं करत करत 2025 च्या मे महिन्यात वॉर्प या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला. तशी ही जोडी जुनीच, दोघांचं 2016 चं 'ब्युटिफुल पीपल' हे गाणं ऐकलं नसेल तर आधी ते ऐका.

आणि आवाज गाडलाय म्हणायचं तर अल्बममधलं 'द मेन हू डान्स इन स्टॅग्ज हेड्स' हेडफोन लावून ऐका, तिथे तो इतका खालच्या पट्टीत गातो की मला पहिल्यांदा दुसराच कोणी गातोय असं वाटलं, रेडिओहेडमधली ती उंच ताणलेली तान कुठेच नाही, नुसता घोगरा, म्हाताऱ्या माणसाने गोष्ट सांगावी तसा सूर. पन्नाशी ओलांडलेला गायक अजून स्वतःच्या गळ्यात नवीन काही शोधतोय, मला तर भरून आलं ऐकताना. साधा, मोकळा थॉम हवा असेल तर 'द स्पिरिट' आहेच. फक्त शफलवर लावू नका, ओळीने ऐका.