जिप्सीचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेत, नवे टाकू की कमान मारून घेऊ?

वारजेकर_जिप्सी

मंडळी मदत हवीये. २००३ ची जिप्सी किंग, सॉफ्टटॉप, मिलिटरीच्या लिलावातून आलेली, माझ्या आधी अजून एक मालक होऊन गेला आणि त्याने वरनं रंग मारला पण खाली हात लावला नाही असं दिसतंय. मागनं बघितली की उजवीकडे झुकलेली दिसते, सोसायटीचा वॉचमन पण परवा म्हणाला साहेब टायरात हवा कमी आहे का. हवा बघितली, दोन्हीकडे सारखी. मागे चौघं बसले आणि स्पीडब्रेकर आला की खालनं धाडकन आवाज, पानशेत रोडला तर नको नको होतं.

वारज्यातला मेकॅनिक म्हणतो चारही बाजूचे पाटे नवे टाका, विषय संपवा. नाना पेठेत विचारलं तर लोकल आणि कंपनीचे यात जवळपास दुप्पट फरक. आणि हायवेला एक पाटेवाला आहे तो म्हणतो हेच पाटे खोलून कमान मारून (परत वाक आणून) देतो, वर एक पाटा वाढवतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. बायकोला अर्थातच हा तिसरा पर्याय आवडलाय.

वापर म्हणाल तर आठवडाभर गाडी उभीच, शनिवार-रविवार वेल्हे, मढे घाट, ताम्हिणी, पावसाळ्यात जरा जास्त. दगडांवर चढवायची हौस नाही. काय करू? आणि घरी स्वतः बदलता येतात का? पाने आहेत, जॅक आहे, पार्किंगला जागा आहे, अनुभव म्हणाल तर ब्रेक पॅडपर्यंतच.

घाटमाथा५४०

आधी पाकीट खिशात ठेव आणि टेप काढ.

सपाट जागा बघ (सोसायटीचं पार्किंग बहुतेक उताराचं असतं, पाणी जावं म्हणून, ते चालणार नाही) आणि चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घेऊन लिहून ठेव. मागनं झुकलेली दिसते म्हणजे मागचाच पाटा बसला असं नसतं राव, चेसिस ताठ असते, पुढची उजवी बाजू बसली तरी गाडी मागनं झुकलेलीच दिसते. आणि आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, एकटाच चालवणारा असेल तर ती बाजू आयुष्यभर जास्त ओझं खाते.

मग पुढे चेसिसच्या आडव्या मेंबरला बरोब्बर मधोमध जॅक लाव आणि पुढची चाकं जमिनीपासून किंचित सुटतील एवढंच उचल. आता पुढचे पाटे गाडी तोलत नाहीयेत. मागे जाऊन परत माप घे. झुकाव तसाच असेल तर दोष मागे, गायब झाला तर पुढे. मोजायच्या वेळी खाली घुसायचं नाही, जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नये हे सांगायला लागू नये पण सांगतो.

खरं काम त्यानंतर. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घे, उजेडाला बॅटरी आणि वायर ब्रश घेऊन बस. पाट्यांच्या मधे गंजाचा भुगा साठलेला असतो तो काढ आणि कडेकडेनं चीर दिसते का बघ, विशेषतः सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) आसपास आणि क्लिपपाशी. चीर जुनी असेल तर तिथनं गंजाचा लाल ओघळ आलेला दिसतो. मेन पाट्याच्या पोटात दुसऱ्या पाट्याचं टोक घासून खाच पडते, तिथे नख अडकलं तर तो पाटा गेला समज. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) रबरी बुश फाटलेत का, ॲक्सल वर आपटू नये म्हणून असलेले रबरी गुटके शिल्लक आहेत का तेही बघ, तुझा धाडकन आवाज तिथलाच असणार. शेवटचं, ज्या ब्रॅकेटला पाट्याचं पुढचं टोक बसतं तिथपासून ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोज. सारखं नसेल तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय, गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालते ती यामुळेच.

मुळशी_मडर

एवढं कशाला काका, सरळ लिफ्ट टाक ना भावा. पाटे ॲक्सलच्या वर घे आणि मोठे टायर टाक, झुकाव बिकाव सगळं विसरशील, गाडी पण कडक दिसेल

घाटमाथा५४०

@मुळशी_मडर जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालनं जातात हे तुला माहिती आहे हे बघून बरं वाटलं. पण ते वर घेतले की गाडी चार-पाच इंच उचलली जाते, मग प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचे होज ताणले जातात, स्टिअरिंगचा रॉड तिरका पडतो, ब्रेक मारला की ॲक्सल गुंडाळल्यासारखा फिरतो. हे सगळं नीट सोडवणारे लोक आहेत, पण तो वेगळा उद्योग. शिवाय ह्याची गाडी २००३ ची, म्हणजे दर ५ वर्षांनी पासिंग, तिथे साहेबाला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरफारांबद्दलचं) आठवलं तर हा काय उत्तर देणार. ह्याला बायकापोरांना घेऊन वेल्ह्याला जायचंय.

भट्टीवाला

भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या लाइनीत आहे म्हणून कमानीबद्दल बोलतो.

पाट्याचं स्टील हे स्प्रिंग स्टील, सिलिको-मँगनीज किंवा क्रोमचं, मार्केटमधे एसयूपी ९ वगैरे नावं ऐकली असशील. ते साधारण साडेआठशे नऊशे डिग्रीला लाल करून वाकवतात, तेलात विझवतात आणि मग परत चारशे ते पाचशेच्या आसपास तापवून टेंपर करतात. सगळी जादू ह्या शेवटच्या दोन पायऱ्यांत. नुसतं विझवलेलं असेल तर काचेसारखं तुटेल, नुसतं तापवून गार केलेलं असेल तर वाकेल आणि परत उठणारच नाही.

आता पाटेवाला काय करतो. बरेचसे लोक थंड पाट्यावर घणाचे ठोके मारत मारत कमान आणतात. दिसायला झकास, गाडी त्या दिवशी वर येते, पण स्टील होतं तेच आहे, थकलेलं, वर ठोक्यांच्या खुणा, आणि चीर सुरू व्हायला असली खूण पुरते. पुढच्या पावसाळ्याआधीच परत बसते. दुसरे गॅस टॉर्चने मधेच लाल करून वाकवतात, तो तर पाट्याचा खूनच आहे. पूर्ण पाटा भट्टीत घालून तेल आणि टेंपर दोन्ही करून देणारेही आहेत, त्यांच्याकडे भट्टी डोळ्याने बघ, तेलाची टाकी बघ, मग पाटे दे. "संध्याकाळी घेऊन जा" म्हणणाऱ्याकडे यातलं काय असेल तूच ठरव.

एक पाटा वाढवणं हा तर वेगळाच प्रकार. त्याने बसलेला पाटा सुधारत नाही, फक्त गाडी कडक होते. जिप्सी रिकामी जेमतेम एक टन, आधीच खडखड करते, अजून कडक करून मणक्याचं काय करायचंय.

मंचर_टेंपो

राव तुम्ही लोक फार पुस्तकी बोलता. आमच्या दोन गाड्या आहेत, कांदा बटाटा मार्केट यार्डाला आणतो, पाटे कायम कमान मारूनच चालवतो, मेन पाटा तुटला तर तेवढा एकच बदलतो. नवा सेट कोण घेतो दर वेळी. पाटेवाला चांगला असला की झालं. उगाच त्या बिचाऱ्यांच्या पोटावर पाय देऊ नका

भट्टीवाला

@मंचर_टेंपो तुमचं चूक नाही दादा, टेंपोला ओझं भरपूर, पाटे जाड, आणि तुमचा माणूस आठवड्याला खाली वाकून बघतो. ह्याची गाडी सहा दिवस उभी आणि सातव्या दिवशी घाटात, चीर वाढली तरी कळणार नाही. आणि जाडीत एक मिलीमीटर इकडे तिकडे झाला तर तुमच्या पाट्यांना फरक पडत नाही, जिप्सीच्या पातळ पाट्यांना पडतो. पाटेवाल्यांबद्दल आकस नाही, उलट नवे पाटे त्याच्याकडनंच बसवून घेतले तरी हरकत नाही.

वारजेकर_जिप्सी

सगळ्यांचे आभार. रविवारी मापं घेतली. पुढे उजवी बाजू १२ मिमी खाली, मागे उजवी ३० मिमी खाली. काकांनी सांगितल्याप्रमाणे पुढे मधोमध उचलली तरी मागे २० च्या आसपास फरक राहिलाच. म्हणजे दोष मागचाच ना?

आणि वायर ब्रशने घासता घासता मागच्या उजव्या बाजूचा तिसरा पाटा क्लिपच्या खाली आरपार तुटलेला सापडला, क्लिपने धरून ठेवला होता म्हणून दिसतच नव्हता. ॲक्सलचं अंतर दोन्हीकडे सारखं आहे. उजवा रबरी गुटका नावालाच उरलाय. कमानीचा विषय बंद, बायकोलाही तो तुकडा दाखवला. एका मित्राने जुन्या बाजारातले वापरलेले पाटे सुचवलेत, घेऊ का? आणि आता बदलताना काय काय लक्षात ठेवू?

घाटमाथा५४०

हो, मागचाच. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी बरंच काही मिळतं, मीही जातो, पण पाटे तिथनं घेऊ नको, दुसऱ्याचा थकवा आपण कशाला विकत घ्यायचा. मागचे दोन्ही नवे घे, एकाच बाजूचा कधीच बदलायचा नाही. पुढचे १२ मिमी आत्ता राहू दे, मागचे बसल्यावर परत मोज, बरंचसं आपोआप भरून येईल. बरोबर यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे), सेंटर बोल्ट, बुश, गुटके हे सगळं नवं. जुने यू बोल्ट परत वापरू नको, एकदा आवळले की आटे ताणले जातात, पुन्हा तेवढी पकड येत नाही. त्याचा फायदा म्हणजे सोडवताना गंजलेले नट फिरवत बसायचं नाही, ग्राइंडरने कापून मोकळं व्हायचं.

घरी होतं, पण सोबत एक माणूस हवा. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मार. पुढच्या चाकांना दोन्हीकडनं दगड, चेसिसखाली दोन घोड्या, आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक. शॉकअप खालनं सोडव. ब्रेकचा होज ताणला जातोय का बघत ॲक्सल हळू खाली घे. एका वेळी एकच बाजू, दोन्ही सोडल्यास तर ॲक्सल जागेवर गोल फिरतो आणि मग दुपार जाते. सगळ्यात जास्त शिव्या चेसिसच्या ब्रॅकेटमधला बोल्ट खातो, बुशच्या नळीला गंजून चिकटलेला असतो. तिथे गॅस टॉर्च लावायचा मोह होईल, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप जवळ आहेत, अजिबात नाही. आरीचं पातं घालून काप.

नवा पाटा बसवताना सेंटर बोल्टचं डोकं वरच्या बाजूला, ॲक्सलच्या सीटमधल्या भोकात नीट बसलं पाहिजे, बोटाने चाचपून बघ. यू बोल्टचे चारही नट थोडे थोडे, समोरासमोरचे, शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला.

आणि हे मात्र गॅरेजवाला उभा राहून करून घेतलं नाहीस तर हमखास चुकवतो: ब्रॅकेटचा आणि शॅकलचा बोल्ट हवेत असताना फक्त हाताने लाव. चाकं लाव, गाडी जमिनीवर घे, मागे उभं राहून दोनचारदा दाबून हलव, मग आवळ. हवेत आवळला तर रबर त्याच अवस्थेत जखडतं, गाडीचं वजन आलं की पिळलं जातं, काही महिन्यांत फाटतं, आणि मग लोक म्हणतात लोकल बुश बेकार.

वारजेकर_जिप्सी

हे प्रिंट काढून पार्किंगच्या खांबाला चिकटवतो. लोकल घेऊ की कंपनीचे?

भट्टीवाला

कंपनीचे, मिळाले तर. नाही मिळाले तर लोकलमधे दोन्ही नग शेजारी उभे करून कमान सारखी आहे का, जाडी सारखी आहे का ते दुकानातच टेपने मोज, दुकानदार वैतागला तरी. शे-दोनशे किलोमीटर चालवून यू बोल्ट परत आवळ, नवे पाटे एकमेकांवर बसतात तशी पकड थोडी ढिली पडते. मागनं गाडी वर आली की हेडलाइट खाली बघतील, ते पण सेट कर, नाहीतर ताम्हिणीत धुक्यात फक्त बंपरच दिसेल.