घरच्या घरी गोलाकार टचस्क्रीन: सुरुवात कुठून करू?

खटपट्या (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक खूळ डोक्यात आहे. पृथ्वीगोल करायचाय, पण छापील नाही, पडद्याचा. बोटाने ओढलं की आफ्रिका सरकून आशिया समोर यावा. कंटाळा आला की त्याच गोलाचा चंद्र व्हावा. एलईडीवाला डीएलपी (इवल्या आरशांनी चित्र पाडणारा) प्रोजेक्टर (1280×720 पिक्सेल) पडून आहे, रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक आहे, सोल्डरिंग आणि कामापुरती पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येते. गोल 30 सेंमीचा धरलाय. चित्र आतून पाडू की बाहेरून? स्पर्श कसा ओळखू? की वाकणाऱ्या ओलेड पडद्याचे तुकडे जोडून भागेल?

अर्धीवाट
ओलेडचा नाद सोडा. तो पडदा एका वेळी एकाच दिशेला वाकतो. चेंडूवर कागद गुंडाळून बघा, चुण्या पडतातच, तसंच होतं. गरगर फिरणाऱ्या एलईडीच्या कड्याचा गोल दिसतो झकास, पण त्याला बोट लावणार कोण?

बाहेरूनही नको. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राच्या अभ्यासाच्या सरकारी संस्थेचा 'सायन्स ऑन अ स्फिअर' हा 68 इंची गोल चार प्रोजेक्टर बाहेरून उजळवतात. लांबून बघायला उत्तम. हात पुढे केला की आधी हाताची सावली पडते.

भिंगरी
आतूनच. आणि स्पर्शाचं आत्ता विसरा. मी कॅमेऱ्यापासून सुरुवात केली आणि तीन महिने घालवले, कारण नंतर भिंग बदलल्यावर सगळं पुन्हा मांडावं लागलं. आधी गोलावर एक धड चित्र दिसू दे.

भिंग गोलाच्या मध्यात ठेवायचं नाही, तळाच्या तोंडाशी ठेवायचं. शाळेतलं अंतर्लिखित कोनाचं प्रमेय आठवतंय? परिघावरचा कोन केंद्रातल्या कोनाच्या निम्मा. म्हणजे तोंडाशी बसवलेल्या फिशआयमधून (खूप रुंद कोनाचं भिंग) उभ्या अक्षाशी 45 अंशांनी निघालेला किरण थेट विषुववृत्तावर पडतो आणि 75 अंशांचा 60 दक्षिण अक्षांशावर. 150 अंशांच्या फिशआयमध्ये अंटार्क्टिका सोडून जवळपास सगळं जग मावतं. मला हे कळलं तेव्हा मी वहीत वर्तुळ काढून दोनदा कोनमापक लावला होता.

आता अडचणी. चित्र गोल असल्यामुळे 720 पिक्सेल व्यासाचं वर्तुळच कामाचं, बाकी निम्म्याहून जास्त पिक्सेल वाया. तुमच्या गोलावर एक पिक्सेल ढोबळमानाने एक मिलिमीटरचा होईल, तेव्हा बारीक अक्षरांची हौस बाळगू नका. फोकसचीही बोंब आहे: भिंगापासून गोलाचा माथा 30 सेंमी, विषुववृत्त 21 आणि 60 दक्षिणेला 8 सुद्धा नाही. सगळीकडे एकदम स्पष्ट होणार नाही. विषुववृत्तावर फोकस करा, लोक तिथेच बघतात.

मोबाइलला चिमट्याने लावतात ते फिशआय मात्र या प्रोजेक्टरपुढे चालणार नाही. झोत रुंद, भिंग चिमुकलं. कडेचा प्रकाश आत शिरतच नाही.

चौकोनी_चंद्र
भिंग नसेल जमत तर बहिर्गोल आरसा. माथ्याशी आतून टांगायचा आणि खालून त्यावर झोत सोडायचा. माथ्यावर काळा ठिपका राहतो, उत्तर ध्रुव गेला म्हणायचं. गाडीच्या आरशावर चिकटवायचा छोटा गोल आरसा घेऊ नका, त्याचा मुलामा काचेच्या मागे असतो, म्हणून प्रत्येक रेघ दोनदा दिसते. मुलामा पुढच्या बाजूला हवा.

खटपट्या
धन्यवाद! आणि गोल? दिव्याला लावतात तो दुधी ॲक्रिलिकचा घेऊ का?

भिंगरी
पूर्ण दुधी नको. आतून पांढऱ्या गोलात प्रकाश भिरभिरत राहतो आणि काळा रंग राखाडी होतो. माझ्या पहिल्या गोलावर अटलांटिक आणि सहारा यांत ओळखू येईल एवढाच फरक होता! पारदर्शक गोल घ्या आणि आतून फ्रॉस्टिंगच्या (काच धुरकट करणाऱ्या) स्प्रेचे पातळ थर द्या, एकावर एक, मध्ये वाळू देत. खिडकीपुढे धरून बघा; पलीकडची चौकट पुसट झाली की थांबा. आणि चित्रं गडद पार्श्वभूमीची निवडा. चंद्र पृथ्वीपेक्षा नेहमी बरा दिसतो.

तांबडा_दिवा
स्पर्शाबद्दल मी सांगतो. तळाशी 850 नॅनोमीटरचे इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) एलईडी आणि तिथेच कॅमेरा. बोट टेकलं की तिथून प्रकाश परततो, कॅमेऱ्याला पांढरा ठिपका दिसतो. बोट नुसतं जवळ असलं तर फ्रॉस्टिंगमुळे तो धुरकट असतो, टेकल्यावर घट्ट होतो. फरक त्यावरून करायचा. रास्पबेरी पायसाठी इन्फ्रारेड न अडवणारा नोआयआर कॅमेरा मिळतो. त्यापुढे दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर हवाच, नाही तर कॅमेरा तुमचंच चित्र बघत बसेल. जुन्या रंगीत फिल्म रोलची उजेड लागून धुतलेली काळी पट्टी दुहेरी करून लावली तरी काम होतं.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या 2008 च्या 'स्फिअर'मध्ये कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकाच भिंगातून बघत होते. सुबक कल्पना, पण पहिल्या खेपेला कॅमेरा शेजारी ठेवा आणि थोडा कोपरा आंधळा राहिला तर राहू द्या.

माझी फजिती ऐका. गोलाला कुणीही हात न लावता चार बोटं दिसायची, कायम त्याच जागी. दोन रात्री कोड तपासला. शेवटी एक एलईडी काढला तर एक 'बोट' गेलं! आतली बाजू गुळगुळीत होती, एलईडीचीच प्रतिबिंबं. तिथे पिक्सेल मुळातच पूर्ण पांढरे, त्यामुळे पार्श्वभूमी (हात न लावलेल्या गोलाचं चित्र) वजा करूनही उपयोग नाही. एलईडींसमोर ट्रेसिंग पेपर लावला आणि भिंगरीताई म्हणतात तसं आतून फ्रॉस्टिंग केलं, तेव्हा सुटका झाली. खिडकीच्या उन्हातही इन्फ्रारेड असतो, चाचणी संध्याकाळी करा. आणि ते एलईडी डोळ्यांसमोर धरून 'लागलाय का' बघू नका. दिसत नाही म्हणून बाहुली आकसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा.

अर्धीवाट
खोक्याला पंखा. प्रोजेक्टर कोंडला तर आधी तो बंद पडेल, मग तुम्ही.

खटपट्या
अपडेट: फिशआय मिळालं, गोलाला तीन थर दिले. नकाशाचं गणित तुमच्या प्रमेयावरूनच केलं: मध्यापासूनचं अंतर म्हणजे अक्षांश, दिशा म्हणजे रेखांश. काल रात्री पहिल्यांदा जग उजळलं. घरचे सगळे गोळा झाले. फक्त मादागास्कर आफ्रिकेच्या डावीकडे आहे.

भिंगरी
अभिनंदन! आतून पाडलेलं चित्र बाहेरून आरशातल्यासारखं दिसतं. रेखांशाचं चिन्ह उलटं करा. आणि कॅमेऱ्याचे बिंदूही त्याच फंक्शनमधून न्या, नाही तर बोट पूर्वेला ओढाल आणि पृथ्वी पश्चिमेला जाईल.