पहिलीच गोधडी, टोकं जुळेनात. सोपी नक्षी सुचवा (मदत हवी आहे)

अबोली२२
आयुष्यात पहिल्यांदा गोधडी शिवायला घेतलीय. शंकरपाळ्यांची नक्षी धरली होती. दोन रविवार गेले, तरी टोकं काही जुळेनात, शेवटी सगळं उसवलं. आता खरोखर सोपी अशी एखादी नक्षी सांगा. २० तारखेच्या आत व्हायला हवी. प्लीज लवकर.

सोलापूरची काकू
कोणासाठी? केवढी? हाताने की मशीनवर? कापड कुठलं? नुसतं "सोपी सांगा" म्हटलं तर काय सांगणार बाई.

अबोली२२
बहिणीच्या बाळासाठी. बारशाला द्यायचीय.

मृणाल_न्यूजर्सी
नऊ चौकटींची घे, इकडे नाइन पॅच म्हणतात. मीही त्यानेच सुरुवात केली. रोटरी कटर, कटिंग मॅट आणि पारदर्शक पट्टी मागव, तुकडे अगदी नेमके कापले जातात. मध्ये कॉटनची बॅटिंग, म्हणजे मऊ भरावाचा थर, घाल.

सोलापूरची काकू
तिला दुपटं शिवायचंय, दुकान नाही मांडायचं. कात्री आणि खडू पुरे. आणि बॅटिंग कशाला? आमच्याकडे मध्ये जुन्या लुगड्याचे पदरच घालतात.

धावदोरा
शंकरपाळी का बिघडली ते आधी समजून घे, नाहीतर दुसरी नक्षीही बिघडेल. शंकरपाळ्याच्या कडा तिरक्या कापल्या जातात. तिरक्या कापाचं कापड हातात धरलं तरी ताणतं. एक कड पाव इंच लांबली की पुढची सगळी टोकं सरकतात. चौकोन उभ्या-आडव्या धाग्यावर कापतो, म्हणून तो ताणत नाही. ७ इंचांचे ३६ चौकोन काप, प्रत्येकाला चहूबाजूंनी अर्धा इंच माया (शिवणीत जाणारी कड) ठेव. शिवल्यावर ६ इंचांचे होतील, सहा ओळी, प्रत्येकीत सहा, म्हणजे ३६ बाय ३६ इंच. बाळाला एवढं पुरतं. रंग एकाआड एक लाव, तीच नक्षी.

कोल्हापुरी_तडका
आमची आजी तुकडेबिकडे काही जुळवायची नाही. वाकळ घालायची, बस. खाली एक साडी, वर एक साडी, मध्ये फाटकी धोतरं, आणि कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत जायचं. जिथे फाटलंय तिथे ठिगळ, तीच नक्षी. त्या वाकळीचा वास अजून...

मृणाल_न्यूजर्सी
कडेने सुरू केलंत तर मध्ये फुगा येतो. नेहमी मधून बाहेर.

कोल्हापुरी_तडका
शेकडो वर्षं कडेनेच शिवतायत, कोणाच्या वाकळीला फुगा आला नाही.

धावदोरा
कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशीच शिवतात, कडेपासून आत. आधी थर जमिनीवर पसरून, हात फिरवून, वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले तर हातशिवणीला कडेने सुरू केलं तरी चालतं. मशीनचा दाबपाय मात्र वरचा थर पुढे ढकलतो, तिथे मधून बाहेर जाणं बरं. अबोली, तुझं मशीन की हात?

अबोली२२
मशीन. हाताने इतक्या दिवसांत होईल का माझ्याच्याने?

विदर्भवाला
कोणी घरगुती गोधडी विकतं का? नागपुरात डबल बेडची पाहिजे.

सोलापूरची काकू
वेगळा धागा काढा हो. अबोली, कापडाचं अजून सांगितलं नाहीस.

अबोली२२
आईच्या जुन्या साड्या. दोन जॉर्जेट आणि एक सॅटिनची. रंग फार सुंदर आहेत.

धावदोरा
हे आधी सांगितलं असतंस तर वरचं निम्मं बोलणं वाचलं असतं! जॉर्जेट सुईखाली सरकतं, सॅटिनचे धागे सुटतात. पहिल्या गोधडीला हे कापड नकोच, आणि बाळाच्या अंगाला तर नकोच नको. एखादी धुऊन मऊ पडलेली सुती साडी शोध. पाचवारी असेल तर ३६ इंचांचे पाच तुकडे निघतील.

सोलापूरची काकू
आणि कापायच्या आधी धुऊन घे. सुती कापड आटतं, शिवल्यावर आटलं तर सगळीकडे चुण्या पडतात. लाल रंग जात असेल तर तो तुकडा बाजूला.

अबोली२२
घरात सुती फक्त आजीचं एक लुगडं आहे. कापू?

कोल्हापुरी_तडका
आजीला विचार की.

अबोली२२
आजी म्हणाली, "काप, मी कुठं नेसतेय आता." पण काठ कापू देईना. म्हणाली, काठ चारी बाजूंनी लाव, कड भक्कम होते.

सोलापूरची काकू
आजीचंच ऐक. आम्ही उगाच बडबडतोय.

मृणाल_न्यूजर्सी
लाल-हिरवा काठ असेल तर चौकोनांत एखादा पिवळा घ्यायला हवा असं मला वाटतं. आणि रोटरी कटर खरंच घे गं.

अबोली२२
(आठ दिवसांनी) चौकोन ३६ कापले, ३४ बरे निघाले. दोन तिरके गेले, त्यांच्यावर ठिगळं लावली. टोकं जुळली, फक्त तिसऱ्या रांगेत गव्हाच्या दाण्याएवढा फरक आहे. थर आजीने पसरून दिले, टाके मशीनवर मी घातले. काठ अजून लागायचाय, कोपऱ्यात तो दुमडायचा कसा?

विदर्भवाला
फोटो टाका. आणि ही विकायची आहे का?