मदत हवी आहे: सातव्या महिन्यात फ्लूची लस, घरचे 'नको' म्हणतायत

नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्याकडे राहते. पहिलीच वेळ, सातवा महिना लागलाय. मागच्या तपासणीला डॉक्टर मॅडमनी फाइलवर लोहाच्या गोळ्यांखाली फ्लूची लस लिहून दिली. बोलल्या मात्र काही नाहीत. बाहेर ही गर्दी, मलाही विचारायला संकोच वाटला.

घरी सासूबाईंनी माता-बाल संरक्षण कार्ड काढलं आणि बोट ठेवून दाखवलं: टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा) रकाना आहे, भरलाय, फ्लूचा कुठे आहे? "सरकार देते ते गरजेचं. हे काऊन टोचून घ्यायचं बाप्पा?" यावर मला उत्तर सुचेना. सरकारी लसीकरणाच्या यादीत ही लस नाहीच, म्हणून आशाताईंनीही कधी विषय काढला नाही. जाऊबाईंचं म्हणणं, लसीनंच फ्लू होतो आणि बाळाला बाधतो. नवरा नुसतं "बघू" म्हणतो. खासगीत दीड-दोन हजार लागतात हे खरं कारण, पण तसं बोलणार नाही.

२०१५ चा स्वाइन फ्लू नागपूरकर विसरलेले नाहीत. त्या वर्षी राज्य सरकारनं गरोदर बायांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली होती. आता मेडिकल, मेयो किंवा डागा या इथल्या सरकारी दवाखान्यांत मिळते का? आणि ज्यांनी घेतली, त्यांनी घरच्यांना कसं पटवलं?

प्रतिसाद १: मी आठव्या महिन्यात घेतली. दंड दुखला, रात्री थोडी कणकण, बस्स. डागाला जायचं तर आधी साठा आहे का विचारून घ्या, उगाच चक्कर नको.

प्रतिसाद २: ताई, मी नर्स आहे. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यानं फ्लू होत नाही. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची. ती गरोदरपणी देत नाहीत. जाऊबाईंनी कदाचित तिच्याबद्दल ऐकलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्येच लसीसाठी गरोदर बायांना सगळ्यात आधी धरा असं सांगितलंय. सासूबाईंना मात्र बाळाचं सांगा: सहा महिन्यांचं होईस्तोवर त्याला ही लस देताच येत नाही, तोवर आईकडून वारेतून मिळालेली प्रतिपिंडंच कामाची. लसीचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा फार लांबवू नका. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच सोबत न्या. मॅडमनी समोर बसवून दोन वाक्यं सांगितली की निम्म्या सासवा तिथंच तयार होतात.

धागाकर्ती: नेते. नवऱ्यालाही नेते, पाकीट त्याच्याकडेच असतं 😄