मराठी वाचणाऱ्याने आधी पीडीएफचा हिशेब करावा

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यावं का असं विचारलं की "मोबाइल असताना वेगळं यंत्र कशाला" असं काहीजण म्हणतात, ते मला निम्मंच पटतं. ई-रीडरच्या ई-इंक (इलेक्ट्रॉनिक शाई) पडद्याला शाईच्या कागदासारखा बाहेरचा उजेड लागतो, त्यामुळे जिथे मोबाइल काळा पडतो तिथे हा उलट ठळक दिसतो. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर सकाळी नऊच्या उन्हात मी आरामात वाचतो. बॅटरी मुख्यतः पान उलटतानाच खर्च होते, म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात. फक्त आपल्या एप्रिल-मेच्या ४०-४२ अंशांत बंद गाडीत ठेवू नका, लिथियम बॅटरीला तो उष्मा सोसत नाही.

पण कुणी न बोललेली अडचण वेगळीच आहे. जुनी मराठी पुस्तकं नेटवर मिळतात ती बहुतेक स्कॅन केलेली. म्हणजे पीडीएफमध्ये पानाचा फोटोच. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात, फोटोत तसं होत नाही. सहा इंची पडद्यावर रफार, अनुस्वार, जोडाक्षरं मुंगीएवढी होतात आणि झूम करून पान इकडे-तिकडे सरकवताना कंटाळा येतो. मी पहिल्याच महिन्यात हौसेने दीडशे पीडीएफ भरल्या, त्यातल्या दोन संपवल्या! बाकी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन कागदावरच वाचतो. तुमचा भर स्कॅनवर असेल तर दहा इंची घ्या, नाहीतर पैसे ठेवा खिशात. विकतची ई-पुस्तकं आणि इंग्रजी वाचत असाल तर सहा इंची भरपूर झालं.