मराठी विकिपीडियावरील वर्गाची पूर्ण यादी पायथनमधून कशी मिळवावी?

धागाकर्ता:
मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या वर्गात जे लेख आहेत, त्यांची शीर्षके मीडियाविकीच्या (विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याच्या) एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामला थेट माहिती मागता येते त्या सोयीतून घेऊन जेसन फाइलमध्ये साठवण्याचा माझा प्रयत्न आहे. पायथनमधील रिक्वेस्ट्स ही लायब्ररी वापरतो. वर्गाच्या पानावर बरीच नावे दिसतात, पण माझ्या हाती दहाच लागतात. शिवाय फाइल उघडली की 'शिवनेरी'तल्या 'श'च्या जागी तिरपी रेघ, यू आणि ०९३६ असे काहीतरी येते. एपीआयचा नाद सोडून पानाचे एचटीएमएलच ब्यूटिफुल सूप या एचटीएमएल वाचणाऱ्या लायब्ररीने वाचावे काय?

प्रतिसाद १:
एचटीएमएलच्या वाटेला जाऊ नका. पानाची मांडणी बदलली की कोड मोडतो, आणि वर्गाचे पानसुद्धा एका वेळी २००च लेख दाखवते. एका विनंतीत किती नावे हवीत हे सांगणारे 'सीएमलिमिट' दिले नाही तर दहाच नावे मिळतात; सामान्य वापरकर्त्याला ते ५०० पर्यंत नेता येते. मात्र तेवढ्यावर थांबू नये. उत्तरात 'कंटिन्यू' हा भाग आला, तर यादी अजून बाकी आहे असे समजून त्यातले सगळे जसेच्या तसे पुढच्या विनंतीच्या पॅरामीटर्समध्ये मिसळावे आणि तो भाग येईनासा झाला की लूप थांबवावा. यादी पुढे कुठून सुरू करायची हे सांगणारी त्यातली खूण स्वतः रचायला जाऊ नका. मी एकदा गेलो होतो, आणि तीच नावे पुन्हा पुन्हा येत राहिली.

०९३६ हा 'श'चा युनिकोड क्रमांक आहे, म्हणजे तुमचा मजकूर शाबूत आहे. जेसन लिहिताना 'एन्श्युअर आस्की' हा पर्याय फॉल्स करा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये उघडा.

प्रतिसाद २:
वरील सल्ल्यात थोडी भर. रिक्वेस्ट्स आपणहून टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, लावत नाही, त्यामुळे सर्व्हर गप्प बसला तर आपला प्रोग्रामही ताटकळत बसतो; टाइमआउट अवश्य द्यावा. विनंतीसोबत ओळख म्हणून जाणाऱ्या यूझर-एजंटमध्ये प्रोग्रामचे नाव आणि संपर्क लिहावा, अशी विकिमीडियाची अपेक्षा आहे. सर्व्हरकडून ४२९ हा 'विनंत्या फार झाल्या' असे सांगणारा क्रमांक आला, तर उत्तरासोबतचे 'रिट्राय-आफ्टर' सांगेल तितके थांबावे. आणि २०० हा 'विनंती यशस्वी' असे सांगणारा क्रमांक आला म्हणून निर्धास्त होऊ नये: हे एपीआय बहुतेक चुका २०० याच क्रमांकासह, उत्तरातल्या 'एरर' या भागात कळवते.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. नावे आता देवनागरीत आणि दहापेक्षा पुष्कळ आली. पण काहींच्या आधी 'वर्ग:' लागलेले आहे.

प्रतिसाद १:
ते उपवर्ग. त्यांतले लेख आपोआप येत नाहीत, प्रत्येकासाठी हीच विचारणा पुन्हा करावी लागते. पाहून झालेल्या वर्गांची नोंद एका सेटमध्ये ठेवा, कारण दोन वर्ग एकमेकांत गुंतलेले निघाले तर लूप संपणार नाही.