मदत हवी: केमोनंतर आईला दम लागून राहिला

वऱ्हाडी_पोट्टा: यवतमाळ जिल्हा. आईचे चार केमो झाले. आता विहिरीवरून घरी येईपर्यंत तीनदा बसते, पायावर सूज. डॉक्टर म्हणतात आधी एको (हृदयाची सोनोग्राफी) करा, मंग पुढचा केमो. एकोसाठी नागपूरले जाणं म्हणजे दोन रोजाची मजुरी गेली. केमोनं खरंच हार्ट खराब होते काय? लवकर सांगा.

कपाशीवाला: कोणता केमो?

वऱ्हाडी_पोट्टा: कॅन्सरचा. लाल रंगाचा होता.

सेवाग्रामची_ताई: डॉक्सोरुबिसिन असेल. वहिनीला तेच होतं, लघवीसुद्धा लाल व्हायची. कॅन्सर स्तनाचा का? आधीचा एको आहे? त्यात ईएफ किती, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं?

गावरान_उपाय: अर्जुनसालीचा काढा द्या. केस गळले असतील तर कांद्याचा रस.

औषधवाला_दारव्हा: केसांचं कोणी विचारलं? काढा तर केमो चालू असताना डॉक्टरला न विचारता देऊच नका. लाल औषध पेशीतल्या, डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज एन्झाइमला धरून डीएनए तोडतं. गाठीत तेच हवं असतं, पण याच एन्झाइमचा बीटा प्रकार हृदयाच्या पेशीतही असतो. तिथले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे भाग, बिघडतात, पेशी मरतात, आणि हृदयात नव्या पेशी जवळपास बनतच नाहीत. म्हणून जन्मभराच्या डोसचा हिशोब ठेवतात: चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिग्रॅ. एका केमोला ६० धरले तर चारचे २४०. मर्यादेच्या आत असलं तरी बिनघोर राहू नये.

कपाशीवाला: उगाच भेव दाखवू नका. माह्या बाबाचं हिमोग्लोबिन ७ झालतं. रक्त चढवलं, दम गेला.

सेवाग्रामची_ताई: दादा, तेही तपासावंच. पण एको टाळायचा नाही. पोरा, आई रात्री सपाट झोपते का?

वऱ्हाडी_पोट्टा: नाही, दोन उशा लागतात. आठ दिवसांपासून बसूनच झोपते. हो, स्तनाचाच. फाईलीत जुना एको सापडला, ईएफ ६०. पुढच्या चिठ्ठीवर ट्रास्टुझुमॅब लिहून आहे.

औषधवाला_दारव्हा: हे आधी सांगायचं नं बापा! ट्रास्टुझुमॅब हेही कॅन्सरचंच औषध, तेही हृदयावर जातं. त्याचा परिणाम औषध थांबवल्यावर बहुतेकदा भरून येतो, लाल औषधाचा नेहमी येत नाही. म्हणूनच एको मागितला. ईएफ दहानं पडून पन्नासच्या खाली गेली तर आधी हृदयाच्या गोळ्या, मग पुढचं. आणि आडवं झाल्यावर दम म्हणजे एकोच्या नंबरची वाट पाहू नका. आजच मोठ्या दवाखान्यात न्या. १०८ला फोन लावा.

संत्रा_बागायतदार: नागपूरले चाललेच तर कळमन्यात संत्र्याचा भाव विचारा.

सेवाग्रामची_ताई: भाऊ, काहीही काय!

वऱ्हाडी_पोट्टा: लावला फोन. गाडी निघाली म्हणते.

सेवाग्रामची_ताई: किती मिग्रॅ दिलं तो कागद फाईलीत सगळ्यात वर ठेव.